प्लेगचे जंतू कुणाच्या भरवशावर मिळाले?

२६ नोव्हेंबर १९३३. हावडा स्टेशनच्या गर्दीत पाकूरच्या जमीनदार घराण्यातल्या अमरेंद्र पांडे या तरुणाच्या दंडाला काहीतरी टोचलं. आठ दिवसांत तो गेला. रक्तात प्लेगचे जंतू निघाले. सावत्र भावाने इस्टेटीसाठी केलेला हा खून होता, असा निकाल कोर्टाने दिला.

आणि जंतूंसाठी ही मंडळी आली कुठे? आपल्या मुंबईत! कटातल्या कलकत्त्याच्या डॉक्टरने 'प्लेगवरचं औषध तपासायचंय' असं सांगून आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयाच्या लॅबमध्ये शिरकाव करून घेतला. कुलूप फोडावं लागलं नाही. ओळख आणि एक थाप पुरली.

नव्वद वर्षं झाली. आपण अजूनही भिंती, कुलपं आणि पांढऱ्या सूटांनाच जैवसुरक्षा समजतो. धोका बहुतेक वेळा ओळखपत्र घालून आतच बसलेला असतो. अमेरिकेत २००१ मध्ये पाकिटांतून अँथ्रॅक्स पाठवला गेला, ५ माणसं मेली. एफबीआयने शेवटी बोट दाखवलं ते त्यांच्याच लष्करी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाकडे.

आता तर जंतू चोरायचीही गरज उरलेली नाही. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी घोड्यांच्या देवीचा विषाणू कंपनीकडून डीएनएचे तुकडे मागवून नव्याने उभा केला आणि २०१८ मध्ये पद्धत छापूनही टाकली. हेतू चांगल्या लशीचा होता, मान्य. पण माणसाच्या देवीचा विषाणू त्याच कुळातला आहे. ज्ञान दुधारी असतं, ते असं.

लगेच कुणीतरी म्हणेल, 'मग काय, संशोधन बंद करायचं?' अजिबात नाही. पाषाणची उच्चतम सुरक्षा पातळीची लॅब हा पुण्याचा अभिमान आहे. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा केलेला विषाणू नसता तर कोव्हॅक्सिन उभी राहिली नसती. पण अभिमान वाटतो म्हणून हिशेब मागायचा नाही, हे कुठलं शहाणपण? बँकेचं ऑडिट होतं म्हणून कॅशियर चोर ठरत नाही.

आपल्याकडे १९८९ चे नियम आहेत, संस्थेत जैवसुरक्षा समिती लागते. पण त्या समितीत संस्थेचा प्रमुखच बसतो. म्हणजे विद्यार्थी आपला, पेपरही आपणच तपासायचा! १८९७ चा साथरोग कायदा तर साथ आल्यावर काय करायचं एवढंच सांगतो. घराला आग लागल्यावर विहिरीचा रस्ता दाखवणारा.

म्हणून मागणी साधी आहे. घातक जंतूंच्या प्रत्येक कुपीची नोंद हवी आणि ती बाहेरच्या माणसाने तपासावी. डीएनए मागवणारा कोण आणि काय मागवतोय, हे विकणाऱ्याने पाहणं कायद्याने सक्तीचं हवं. धोकादायक प्रयोगाला पैसे देण्याआधी प्रश्न विचारले जावेत, पेपर छापून आल्यावर नव्हे. आणि लॅबमध्ये चूक झाली तर ती सांगणाऱ्या पोराची नोकरी जाऊ नये. नाहीतर सगळे गप्पच बसणार.

आपले आमदार-खासदार मत मागायला येतील तेव्हा रस्ते-पाण्यासोबत हेही विचारा. १९३३ मध्ये एकच माणूस मेला, ते नशीब. धोरण नशिबावर चालत नसतं.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, वाद घालू.