हनुसंधीची व्यथा

मनुष्याच्या मनाचे व्यापार त्याच्या जबड्यावर कसे उमटतात, हे आपल्या भाषेने फार पूर्वी ओळखले आहे. संतापलेला मनुष्य दातओठ खातो. भ्यालेल्याची दातखीळ बसते. चकित झालेला आ वासून पाहतो. आणि ज्यास बोलण्याची सोय नाही, तो तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसतो. या सर्वांचा भार ज्या सांध्यावर पडतो, त्याचे नाव मात्र सुशिक्षित घरांतही थोड्यांसच ठाऊक असते. गुडघ्याची कुरकुर घरातील प्रत्येकाच्या कानी जाते; हनुसंधीची व्यथा मात्र कानातला ठणका, दाढेची कळ अथवा अर्धशिशी अशा परक्या नावांनी वर्षानुवर्षे घरात वावरते. यास्तव या महिन्यात तिचाच विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

कानाच्या छिद्रापुढे जो लहानसा उंचवटा असतो, त्याच्या किंचित पुढे दोन्ही बाजूंस बोटे ठेवून तोंड सावकाश उघडावे व मिटावे. बोटांखाली जे सरकताना जाणवते, ते खालच्या जबड्याचे टोक होय. हा सांधा केवळ दाराच्या बिजागरीसारखा नाही. तोंड थोडे उघडेपर्यंत तो बिजागरीप्रमाणे फिरतो. अधिक उघडू लागले की तेच टोक खोबणीतून पुढे घसरते. दोन हाडांच्या मध्ये एक पातळ, चिवट चकती असते. ती गादीप्रमाणे टोकाबरोबर मागेपुढे होते. शिवाय उजवा व डावा हे दोन्ही सांधे एकाच हाडाच्या दोन टोकांस असल्यामुळे एकास दुसऱ्यावाचून हलता येत नाही. एक लंगडू लागला की दुसऱ्यास त्याचे ओझे वाहावे लागते. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांस हा न्याय अधिक समजावून सांगावयास नको.

चकती आपल्या जागेवरून किंचित ढळली म्हणजे तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज येतो. त्याने पुष्कळ लोक घाबरतात. परंतु वेदना नसेल व तोंड पुरते उघडत असेल, तर नुसत्या आवाजासाठी उपचाराची गरज नसते. उलट पुष्कळदा आवाज मुळीच नसतो आणि दुखणे मात्र असते. अशा वेळी सांधा बहुधा निरोगी असून, ज्यांच्या बळावर आपण चावतो ते गालाचे व कानशिलाचे स्नायू थकलेले असतात.

हा रोग काही नव्या युगाचा नव्हे. सुश्रुताने हनुसंधी ढळण्याच्या विकारास ‘हनुमोक्ष’ असे नाव देऊन त्याची गणना दंतरोगांतच केली आहे. वाग्भटाने जिभेचे अतिलेखन, कोरडे पदार्थ चावणे व आघात ही कारणे सांगितली आहेत. उघडे राहिलेले तोंड मिटविण्यासाठी आधी शेक द्यावा, मग अंगठ्यांनी जबडा दाबून हनुवटी वर उचलावी, असा विधी चरकसंहितेच्या वातव्याधिचिकित्सेत आहे. आणि आजचा दंतवैद्यही अंगठ्यांनी जबडा खाली दाबूनच तो जागी बसवितो. तथापि हे काम जाणत्याचे आहे. जांभई देताना कोणाचा जबडा निसटला तर घरातल्यांनी झोंबाझोंबी न करता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

सुश्रुताने ज्यास दातांच्या शेजारी बसविले, त्याचे दातांशी नाते नेमके काय, यावर अर्वाचीन वैद्यकातही मोठा वाद झाला. १९३४ साली कॉस्टेन नामक अमेरिकन वैद्याने असे प्रतिपादिले की, मागच्या दाढा गेल्यामुळे जबडा मिटताना अधिक मागेवर जातो आणि त्यामुळे कान व सांधा दुखतो. या मतास अनुसरून पुढे कित्येकांचे दात घासण्यात आले, चावा बदलण्यात आला. कॉस्टेनने दिलेली शरीररचनेची उपपत्ती मात्र पुढील संशोधनात टिकली नाही. आज जाणते लोक असे मानतात की, या दुखण्यास एकच एक कारण नसते. आघात, संधिवात, अपुरी झोप, मनाचा ताण व दात आवळून धरण्याची सवय अशी अनेक कारणे एकत्र येतात. पडलेल्या दाढांच्या जागी दात बसवून घेणे चर्वणासाठी हितावहच आहे; मात्र तेवढ्याने सांध्याचे दुखणे हमखास जाईल, अशी आशा धरू नये.

या कारणांत दात आवळण्याची सवय विशेष विचारार्ह होय. मुले झोपेत दात खातात, तेव्हा घरातील वडील मंडळी जंतांचे औषध शोधू लागतात. परंतु जंत हे त्याचे सिद्ध कारण नव्हे. बहुतेक मुलांची ही खोड वयाबरोबर आपोआप सुटते. मोठ्यांचे तसे नाही. वास्तविक बोलताना वा स्वस्थ बसले असता वरचे दात खालच्या दातांस लागावयाचे कारणच नाही. ओठ मिटलेले, दात विलग व जीभ सैल, ही जबड्याची विश्रांती. ती साधण्याची एक सोपी युक्ती आहे. ‘न’ हा वर्ण मनात उच्चारावा; जिभेचे टोक वरच्या दातांमागे जेथे टेकेल तेथेच ते राहू द्यावे आणि जबडा ढिला सोडावा. व्याकरणाचा असा उपयोग शाळेत कोणी शिकविला नसेल, परंतु दिवसातून दहा वेळा करून पाहण्यासारखा आहे.

हे दुखणे पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, व त्यातही वीस ते चाळीस या वयात अधिक आढळते. याची काही कारणे शरीरात असतील. परंतु आपल्या घरांत या वयाच्या स्त्रीवर कोणाकोणाची मर्जी सांभाळण्याचा भार असतो, हे ज्याचे त्याने मनाशी पाहावे. उत्तर देण्याची मुभा नसली की शब्द दातांमागे अडतो आणि दात एकमेकांवर रुततात. सकाळी उठताच गाल भरून येणे, कानशिले दुखणे, घास चावताना थकवा वाटणे, ही त्याची लक्षणे. ती सून हे कोणास सांगत नाही. फार तर दाढ दुखते म्हणते. मग निरोगी दाढेत औषध भरले जाते, प्रसंगी ती उपटलीही जाते आणि कळ होती तेथेच राहते. एवढी मोठी किंमत देण्यापूर्वी रोगाचे खरे नाव ठाऊक असणे अगत्याचे आहे.

म्हणून दंतवैद्याकडे जाणे आवश्यकच आहे. प्रथम किडलेली दाढ, सुजलेली हिरडी अथवा अडकलेली अक्कलदाढ यांपैकी काही नाही ना, हे त्याने पाहावे. कारण अक्कलदाढेच्या सुजेनेही तोंड उघडेनासे होते. यांपैकी काही नसेल व दात झिजलेले दिसतील, तर तो मापे घेऊन रात्री दातांवर बसविण्याचे आवरण करून देतो. यास नाइट गार्ड म्हणतात. त्याने दातांची झीज वाचते व कित्येकांचे दुखणे हलके होते. आणि उपयोग न झाल्यास ते काढून ठेवता येते, हा त्याचा मोठा गुण. जे उपचार परत फिरविता येत नाहीत, म्हणजे चांगले दात घासणे, साऱ्या दातांवर टोप्या चढविणे, सांध्याची शस्त्रक्रिया, त्यांस आरंभीच संमती देऊ नये. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

बहुतेकांस साध्या पथ्यानेच काही आठवड्यांत उतार पडतो. कडक भाकरी, ऊस, चिक्की व फुटाणे बाजूस ठेवून मऊ भात, मुगाची खिचडी, ज्वारीच्या कण्या अथवा आमटीत कुस्करलेली भाकरी घ्यावी. घास लहान असावा. गालावर दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा मिनिटे सोसेल असा ओला शेक द्यावा. जांभईच्या वेळी चुटकी वाजविण्याऐवजी हनुवटीखाली मूठ धरावी, म्हणजे तोंड अमर्याद उघडत नाही. वेदनाशामक गोळ्या मोजक्या दिवसांपुरत्या व वैद्याच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. वृद्धांनी तर विशेष जपावे.

मात्र काही लक्षणांत विलंब घातक होतो. श्रम करताना जबडा दुखून घाम सुटणे अथवा छाती भरून येणे हे हृदयविकाराचे चिन्ह असू शकते. पन्नाशी उलटलेल्या मनुष्याचे घास चावताना जबडे दुखू लागले, कानशील नव्याने ठणकू लागले व दृष्टी अंधुक झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, अन्यथा दृष्टी कायमची जाण्याचे भय असते. जखमेनंतर जबडा आखडणे हा धनुर्वाताचा आरंभ असू शकतो. आणि आमच्या मराठवाड्यात तर आणखी एका कारणाने तोंडे मिटत चालली आहेत. ते कारण म्हणजे सुपारी व गुटखा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. सुपारीस अडकित्त्यासह आमच्या बैठकीत अजून मान आहे. तिने गालाच्या आतील त्वचा ताठ होऊन तोंड दिवसेंदिवस कमी उघडते, तिखट झोंबते, आणि त्यातूनच पुढे कर्करोग उद्भवू शकतो. तंबाखू नसली तरी सुपारी कर्करोगकारक आहे, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला आहे. हे सांध्याचे दुखणे समजून शेकत बसू नये.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात, जेव्हा हे शहर औरंगाबाद म्हणून ओळखले जाई तेव्हापासून, घाटीच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. तेथे दाखविण्यास कोणी संकोच करू नये.

वाचकांस एवढीच विनंती आहे की, आज रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील प्रत्येकाने आपली तीन बोटे एकावर एक अशी उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ती न मावतील, अथवा घालताना कळ येईल, त्यास वेळीच दंतवैद्याकडे न्यावे. आणि या परीक्षेचा आरंभ, घरात जी सर्वांच्या मागून जेवते, तिच्यापासून करावा.