माणसानं कुत्र्यासाठी रडायचं नाही?

रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री गेले. दुसऱ्या दिवशी एनसीपीएमध्ये लोटलेल्या गर्दीत ‘गोवा’ नावाच्या कुत्र्यालाही अंत्यदर्शनासाठी आणलं होतं. गोव्यात रस्त्यावर भेटलेला हा कुत्रा टाटांनी मुंबईला आणून बॉम्बे हाउसमध्ये ठेवला होता. काही दिवसांतच व्हॉट्सअॅपवर निरोप फिरू लागला की मालकाच्या विरहानं गोवानंही प्राण सोडला. हात जोडलेल्या इमोजींचा पूर आला. प्राणिप्रेमी म्हणून ओळखले जाणारे मुंबई पोलिसांतले वरिष्ठ निरीक्षक सुधीर कुडाळकर यांनी टाटांचे सहायक शंतनू नायडू यांच्याकडे चौकशी केली आणि गोवा ठणठणीत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा कुठे हे थांबलं.

ती अफवा उचलून धरावी असं लोकांना वाटलं, कारण तिचा साचा मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. रायगडावर शिवसमाधीजवळ १९३६ पासून वाघ्या कुत्र्याचा पुतळा आहे. महाराजांच्या चितेत त्यानं उडी घेतली, असं सांगतात. या कथेला समकालीन पुरावा नाही, असं अभ्यासकांनी वारंवार सांगितलं. २०११ मध्ये पुतळा रातोरात हलवला गेला आणि पुन्हा बसवला गेला. २०२५ मध्ये तो हटवण्याच्या मागणीवरून वाद परत पेटला. पण कथा काही मरत नाही. जपानच्या हाचिकोची गोष्टही आपण तितक्याच गहिवरानं मुलांना सांगतो. कुत्रा माणसासाठी झुरला, की आपल्याला भरून येतं.

माणूस कुत्र्यासाठी झुरला, की मात्र आपण घड्याळ बघतो. मुलुंडच्या किंवा घाटकोपरच्या एखाद्या घरात दहा-बारा वर्षं राहिलेला कुत्रा गेला, तर सांत्वनाची वाक्यं ठरलेली असतात: ‘जाऊ दे, सुटला बिचारा.’ ‘कुत्रंच होतं ना?’ ‘आता दुसरा कधी आणताय?’ त्यातही गेलेला कुत्रा लॅब्रेडॉर असेल तर थोडी सहानुभूती मिळते, निदान किमतीमुळे. रस्त्यावरून उचलून आणलेला देशी असेल, तर फुकट आलेल्या गोष्टीचं एवढं काय, असा भाव चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. शोक करायलाही वंशावळ लागते म्हणायची!

खरं तर उचलून आणलेल्या कुत्र्याचं दुःख अधिक गुंतागुंतीचं असतं. गाडीखाली आलेलं, खरजेनं केस झडलेलं, दिवाळीच्या फटाक्यांना घाबरून जिन्याखाली लपलेलं ते पिल्लू. त्याचं खरं वय कोणालाच ठाऊक नसतं. माणसाच्या हाताला ते वर्षभर बिचकत राहतं. मग एके दिवशी आपणहून मांडीवर डोकं ठेवतं. हा विश्वास घरानं मिळवलेला असतो, दुकानातून आणलेला नसतो. म्हणूनच तो कुत्रा मूत्रपिंड निकामी होऊन किंवा टिक फिव्हरनं खंगला आणि डॉक्टरांनी ‘आता झोपवूया’ असं सुचवलं, की घरच्यांची अवस्था बिकट होते. ज्यानं मरणाच्या दारातून आणलं, त्यानंच संमतीच्या कागदावर सही करायची. ‘आपण घाई तर केली नाही ना?’ हा प्रश्न पुढे कित्येक महिने मागे लागतो आणि तो विचारायला घरात, ऑफिसात, नात्यात कोणीच नसतं.

समाज ज्याला दुःख म्हणून मान्यताच देत नाही, अशा दुःखाचा अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८० च्या दशकात स्वतंत्र विचार मांडला. ते सहन करणं अधिक अवघड, कारण त्याला ना रजा, ना विधी, ना भेटायला येणारी माणसं. मुंबईत यात आणखी एक भर पडते. कुत्र्यासोबत सकाळचं फिरणं जातं आणि फिरण्याबरोबर ओळखी जातात. बोरिवलीच्या एखाद्या निवृत्त गृहस्थाला अख्खा रस्ता ‘ब्राउनीचे पप्पा’ म्हणून ओळखतो, पण त्यांचं आडनाव कोणाला माहीत नसतं. ब्राउनी गेल्यावर त्यांनी सहा वाजता कोणत्या निमित्तानं खाली उतरायचं?

मग प्रश्न येतो देहाचा. जुन्या चाळीला अंगण असायचं, वाडीत नारळाखाली जागा असायची. पुनर्विकासानं पोडियम पार्किंग दिलं आणि माती काढून घेतली. मेलेला कुत्रा चादरीत गुंडाळून रिक्षाला हात केला, तर किती रिक्षा थांबतील हे सांगायला नको. सप्टेंबर २०२३ मध्ये महापालिकेनं मालाड पश्चिमेला, एव्हरशाइन नगरच्या कोंडवाड्यात, पाइप गॅसवर चालणारी लहान प्राण्यांसाठीची दाहिनी सुरू केली आणि तिथं अंत्यसंस्कार मोफत ठेवले. पालिकेच्या कारभारावर टीका करायला कारणं कमी नाहीत, पण हे काम शहाणपणाचं झालं. अंधेरी-बोरिवलीकरांची त्यानं सोय झाली. मुलुंडकरानं मात्र तो देह घेऊन भर दुपारच्या ट्रॅफिकमधून मालाड गाठायचं, ही काही सोय नव्हे.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्यांच्या वाट्याला तर देहही येत नाही. आरे, बोरिवली, मुलुंडच्या डोंगराकडच्या वस्त्यांमध्ये रात्री अंगणात असलेला कुत्रा सकाळी नसतो. इथल्या बिबट्यांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात अंदाज मांडला होता की उद्यानातले सुमारे ३५ बिबटे वर्षाला दीड हजारांच्या आसपास कुत्रे खातात. त्यातून कुत्रे चावण्याचे प्रकार आणि रेबीजचा धोका कमी होतो, असंही त्यात म्हटलं होतं. हिशेब म्हणून तो चुकीचा नाही. पण त्या दीड हजारांतल्या काहींना नावं होती, आणि त्या नावांनी हाका मारत कोणीतरी झाडीच्या कडेपर्यंत गेलेलं असतं.

घरातल्या कुत्र्याला निदान घर असतं. कानाला नसबंदीची खूण असलेला गल्लीतला कुत्रा मेला, तर सुतक कोणाचं? रोज त्याला पार्ले-जी घालणारा चहावाला, रात्रपाळीचा वॉचमन, मासळी विकून उरलेलं त्याच्यासाठी बाजूला ठेवणारी मावशी, हेच त्याचे नातलग. भटक्या कुत्र्यांबाबतच्या २०२३ च्या नियमांनी अशा कुत्र्यांना ‘समुदायाचे प्राणी’ म्हटलं, पण शोक करायला समुदाय जमत नाही. पालिकेच्या १९१६ या क्रमांकावर फोन जातो आणि गाडी येऊन देह घेऊन जाते.

इथं कोणीतरी म्हणेल की चावे खाणाऱ्या मुलांचं काय? प्रश्न रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबाबत आधी कडक आदेश दिला, मग तो बदलला आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, रेल्वे स्थानकांच्या आवारातून कुत्रे हटवायला सांगितलं. त्यावर भांडण होणारच, व्हायलाही हवं. पण शेजाऱ्याच्या घरी आज मरण झालंय आणि सोसायटीच्या ग्रुपवर आपण तोच मुहूर्त साधून ‘चला, एक कमी झाला’ असं लिहायचं, याला नागरी प्रश्नाची चर्चा म्हणत नाहीत.

कर्तृत्ववान कुत्र्याला मान द्यायला आपण तयार असतो. १९९३ च्या स्फोटांनंतर मुंबईत हजारो किलो आरडीएक्स शोधून देणारा पोलिसांचा झंजीर २००० मध्ये वारला, तेव्हा त्याला शासकीय इतमामात निरोप दिला गेला. योग्यच झालं. पण बॉम्ब न शोधता, फक्त दाराशी वाट बघत आयुष्य काढणाऱ्याचं काय? त्यासाठी साताऱ्याजवळच्या संगम माहुलीला जावं. तिथं छत्रपती शाहू महाराजांच्या समाधीच्या परिसरात त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही समाधी आहे. शिकारीत खंड्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, असं सांगतात, आणि त्याला पालखीचा मान होता, असंही. आख्यायिकेचा भाग वजा केला तरी दगडी समाधी उरतेच. मराठी राज्याच्या छत्रपतीला कुत्र्याचा शोक करायला लाज वाटली नाही. त्या काळी कोणी त्यांना ‘दुसरा आणा’ म्हणालं असेल, असं वाटत नाही.

उपनगरांना समाध्या नकोत, जागाही नाही. पालिकेनं पूर्व उपनगरातल्या माणसाला जवळ पडेल अशी दाहिनी चालवावी आणि देह नेण्यासाठी साधी गाडी द्यावी. ऑफिसांनी अशा दिवशी ‘तब्येत बरी नाही’ असं खोटं बोलायला न लावता एक दिवसाची रजा द्यावी. सोसायट्यांनी मालाडच्या दाहिनीचा पत्ता आणि १९१६ हा क्रमांक सूचना फलकावर लावावा. आणि तुमच्या मजल्यावरचा कुत्रा गेला असेल, तर आज संध्याकाळी बेल वाजवा, पाच मिनिटं बसा, त्याचं नाव घेऊन बोला. दुसरा कधी आणणार, हे मात्र विचारू नका.