वन्संच्या पायातला काटा

मैत्रिणींनो, नवरात्रात पाथर्डीजवळच्या मोहटादेवीला अनवाणी जाणाऱ्या आपल्या नगर जिल्ह्यात कितीतरी जणी. गेल्या वर्षी आमच्या वन्संही गेल्या. परतल्यावर पाय धुताना मी पाहिलं, तर तळपायात बाभळीचा काटा मोडलेला! "अगंबाई, मला कळलंच नाही," म्हणाल्या. मधुमेह बारा वर्षांचा.

मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'ऊती' असतात बघा, म्हणजे एकाच कामाला जुंपलेल्या पेशींचे समूह. मुख्य प्रकार चार, नि चारही या पावलात सापडतात. वरची कातडी ही अभिस्तर ऊती. झिजते, पुन्हा भरते. (तोंडाचं, आतड्याचं अस्तरही हिचंच.) खाली संयोजी ऊती : चरबीची गादी, हाडं, आणि नवल म्हणजे रक्तसुद्धा! पाऊल हलवते ती स्नायू ऊती. चौथी चेता ऊती. 'काटा टोचला' ही वर्दी मेंदूला देणारी.

साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की ही वर्दी देणारीच अधू होते, बहुधा पायाच्या बोटांपासून. कातडीसारखी ती चटकन भरून येत नाही. दुखत नाही म्हणून जखमेकडे कुणी बघत नाही, आणि पू पार हाडापर्यंत पोचू शकतो.

तेव्हा घरात मधुमेही असेल तर रोज रात्री तळपाय नि बोटांच्या बेचक्या बघा. वाकवत नसेल तर खाली आरसा धरा. पाय शेकू नका. काटा रुतलाच तर घरी सुईने कोरत बसू नका, दवाखाना गाठा.

वन्संनी यंदा चपला घालून देवीला जायचं कबूल केलंय. सासूबाई मात्र अजून गप्प आहेत.