कुत्र्यांच्या जाती आणि माणसांचे वर्ग

१२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना एक पत्र धाडले. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो आदी तेवीस जातींचे कुत्रे मानवी जीवितास धोकादायक आहेत. सबब त्यांची आयात, पैदास व विक्री बंद करावी आणि ज्यांच्या घरी असे कुत्रे आधीच असतील त्यांनी त्यांची नसबंदी करून घ्यावी, असा त्याचा आशय होता. महिना उलटण्यापूर्वीच, १० एप्रिलला, कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्दबातल ठरविले. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेताच ते काढले गेले होते. परंतु असा प्रस्ताव आज ना उद्या नव्या वेष्टनात पुन्हा पुढे येणार, यात शंका नाही. म्हणून त्यामागील विचारसरणी आताच तपासून घेतली पाहिजे.

ती यादीच पाहा. तीत ‘तोसा इनू’ आहे आणि पुढे पुन्हा ‘जपानी तोसा’ही आहे, म्हणजे एकाच कुत्र्यास दोनदा हद्दपारी! ‘टेरियर’ हे सबंध कुळच तीत घातले आहे. मग मांडीवर बसणारा वीतभर यॉर्कशायर टेरियरही मानवी जीवितास धोका ठरतो. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तीन महिन्यांत निर्णय घेण्यास सांगितले होते. त्या मुदतीत बंद खोलीत बसून नोकरशाहीने कागद काळा केला, एवढाच याचा अर्थ.

आमचे काही साथी म्हणतील, हा तर श्रीमंतांच्या चोचल्यांचा प्रश्न. त्यात श्रमिकांच्या पक्षाने का पडावे? उत्तर सोपे आहे. कुत्रा पाळणारा बाराव्या मजल्यावर राहतो. पण कुत्रा झेप घेतो ती लिफ्टमधल्या पोऱ्यावर, फाटकावरच्या रखवालदारावर, धुणीभांडी करणाऱ्या बाईवर, पार्सल घेऊन आलेल्या मुलावर. त्या कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ फिरविणाराही मालक नसतो, पगारी गडी असतो. चावा बसल्यावर मजुरी बुडते ती याची, आणि मालकाचे फार तर दिलगिरीचे दोन शब्द खर्च होतात. तेव्हा नियमन नकोच, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमची तक्रार एवढीच की, हे नियमन चोर सोडून संन्याशाला सुळी देणारे आहे.

कुत्र्याला क्रूर कोण बनवितो? पिल्लाला आईपासून अकाली तोडून विकणारा व्यापारी, त्याला साखळीने बांधून आपल्या प्रतिष्ठेचे शस्त्र म्हणून मिरविणारा मालक, आणि या दोघांकडे काणाडोळा करणारे सरकार. २०१६ साली केंद्राने व्यापारी पैदाशीसाठी कुत्र्यांच्या आयातीवर बंदी घातली. घरचा पाळीव कुत्रा, संशोधन, सैन्य व पोलीस यांना तीतून वगळले होते. पुढे त्यावरही कोर्टबाजी झाली. परंतु परदेशी माल अडवायचा आणि देशांतर्गत कारखान्याकडे पाहायचेच नाही, याचा परिणाम काय होतो हे परमिटराज अनुभवलेल्या या देशाला सांगायला नको. दुर्मीळ झालेल्या मालाची किंमत चढते आणि परसातल्या पिंजऱ्यातली मादी नोटा छापण्याचे यंत्र बनते.

बरे, कायदा नाही असेही नाही. श्वानपैदास व विक्रीसंबंधीचे नियम २०१७ साली झाले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलीच पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता कामा नये, असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. आपल्या गावातल्या किती विक्रेत्यांकडे हा नोंदणीचा कागद आहे, हे प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा विचारून पाहावे. हाताशी असलेला नियम न राबविता नवी बंदी जाहीर करणे, हा राज्यकारभार नव्हे; ती वर्तमानपत्रासाठी केलेली कवायत आहे.

आणि सर्वांत मोठा ढोंगीपणा पुढेच आहे. विमानाने येणाऱ्या कुत्र्यासाठी १८९८ चा, म्हणजे इंग्रजी अमदानीतला, पशुधन आयात कायदा आजही जागा आहे. रेबीजच्या लशीचा दाखला, पशुवैद्याचे प्रमाणपत्र, मुंबई-दिल्लीच्या केंद्रांवर तपासणी, सारे काही त्याच्यासाठी सज्ज असते. हे योग्यच आहे. परंतु २०२४ साली देशात कुत्रा चावल्याच्या सुमारे ३७ लाख घटनांची नोंद झाली, त्या काही आयात केलेल्या कुत्र्यांच्या नव्हेत. रेबीजने जगात होणाऱ्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मृत्यू भारतात होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपविण्याची राष्ट्रीय योजना २०२१ साली मोठ्या थाटात जाहीर झाली. पण चेहऱ्याला खोल चावा बसलेल्या ऊसतोड कामगाराच्या पोराला लशीबरोबर जखमेत द्यावयाचे सिरमही लागते, आणि ते मिळविण्यासाठी त्याच्या बापाने प्राथमिक आरोग्य केंद्रातून तालुक्याला आणि तालुक्यातून जिल्ह्याला धावायचे काय? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हाच प्रकार!

म्हणून नवे नियम येतील तेव्हा आपली मागणी स्पष्ट असावी. कुत्र्याच्या जातीवर नव्हे, तर माणसाच्या वर्तनावर नियम बांधा. पैदास करणाऱ्याची व विक्रेत्याची नोंदणी सक्तीने राबवा. चाव्याची नुकसानभरपाई, उपचाराचा खर्च आणि बुडालेली मजुरी मालकाकडून वसूल करा. पालिकांना भटक्या कुत्र्यांच्या नसबंदी-लसीकरणासाठी पुरेसा पैसा द्या. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लस आणि सिरम दोन्ही ठेवा. आणि हे सारे ठरविताना पशुवैद्य व श्वानप्रेमी यांच्याबरोबर रखवालदार, घरकामगार व सफाई कामगार यांच्या संघटनांनाही टेबलाशी बसवा.

जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याची रीत या देशाने माणसांच्या बाबतीत भोगली आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या होत्या. तो कलंक स्वतंत्र भारताने १९५२ साली कायद्याच्या पुस्तकातून पुसला. तीच आळशी बुद्धी आज कुत्र्यांची यादी करीत असेल, तर तिला वेळीच विरोध केला पाहिजे; कारण यादी करून मोकळे होणारे सरकार जबाबदारीतूनही मोकळे होते.