भंगारात काढण्याआधी एक पेनड्राईव्ह तयार करा



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ते आमच्या लोकवर्गणीतून आलेल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, "सर, भंगारात काढा." मला ते पटलं नाही. मशीन तर चांगलं चालतंय!

माझं मत असं की त्याच मशीनवर विंडोज ठेवून शेजारी लिनक्स मिंट टाकावं. चालू करताना हवं ते निवडायचं. इंटरनेट आणि मुलांचा सराव मिंटवर, आणि विंडोज फक्त जुन्या मराठी टायपिंगसाठी, तेही नेट न जोडता. मिंट मोफत आहे. आणि त्याचा पेनड्राईव्ह आपण शिक्षकांनीच बनवावा. दुरुस्तीवाला त्याचा पेनड्राईव्ह घेऊन घरी जातो, पुढच्या वेळी आपण पुन्हा त्याच्याच दारात.

मी दोनदा चुकलो. आधी आयएसओ फाईल नुसती पेनड्राईव्हवर कॉपी केली. कॉम्प्युटरने ढुंकूनही पाहिलं नाही. फाईल कॉपी करून चालत नाही, रुफससारख्या मोफत सॉफ्टवेअरने ती पेनड्राईव्हवर 'लिहावी' लागते, तेव्हाच त्यावरून मशीन सुरू होतं. दुसऱ्यांदा रुफस वापरलं. सगळा डेटा पुसला जाईल अशी सूचना त्याने दिली होती, मी न वाचताच ओके दाबलं. स्नेहसंमेलनाचे फोटो गेले. (मुलांना मात्र रोज सांगतो, प्रश्न दोनदा वाचा!)

म्हणून रिकामा, ८ जीबीचा पेनड्राईव्ह घ्या. मशीन सुरू होताना एफ१२ किंवा एफ९ दाबा, कंपनीप्रमाणे बटण बदलतं. यादीतून पेनड्राईव्ह निवडला की इन्स्टॉल न करताच मिंट उघडतं. ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते. आवाज, प्रोजेक्टर, प्रिंटर आठवडाभर तपासा. नाही जमलं तर पेनड्राईव्ह काढा, विंडोज जसंच्या तसं.

जमलं तर आधी शाळेच्या सगळ्या फाईली दुसरीकडे उतरवून घ्या. मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून जागा मोकळी करा. इन्स्टॉल करताना 'शेजारी' टाकण्याचा पर्याय निवडायचा, 'डिस्क पुसा' हा नाही. इथे घाई नको, शेजारी कुणीतरी वाचायला बसवा.

आमचा पेनड्राईव्ह आता ऑफिसच्या कपाटात आहे. वर चिठ्ठी लावलीय: 'यात फोटो टाकू नयेत.'