खिशातला फोन, कोपीतला फोन

फोन सगळीकडे नेलाच पाहिजे का, हा प्रश्न बीड जिल्ह्यात विचारताना मला आधी धारूर-वडवणीच्या ऊसतोड कामगारांची आठवण येते. दिवाळीच्या आगेमागे गाड्या भरून माणसं कारखान्यांकडे निघतात, कित्येकांची लेकरं आजी-आजोबांजवळ गावीच राहतात. पहाटे कोपीतून, म्हणजे झोपडीतून, निघून फडात उतरणारी बाई फोन रुमालात गुंडाळून, पाचट लागू नये म्हणून पाण्याच्या कॅनशेजारी ठेवते. दुपारी मोळ्या बांधता बांधता तो वाजला, की हातातला कोयता खाली पडतो. गावाकडं पोराला ताप तर नाही ना? पूर्वी असा निरोप यायला आठवडा लागायचा. या बाईला फोन घरी ठेव म्हणायची माझी हिंमत नाही, आणि तसं कुणी म्हणूही नये. पण तिच्याकडं बघून आपण आपलं समर्थन करतो, ते मला पटत नाही. मयतीला, पारावर, ताटावर बसताना आपल्याला कुणाचा निरोप यायचा असतो? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं 2022 मध्ये ठरवलं : संध्याकाळी सातला भोंगा वाजला, की दीड तास फोन आणि टीव्ही बंद, पोरं अभ्यासाला. आपल्या मारुतीच्या देवळावरही भोंगा आहेच. येत्या ग्रामसभेत हा विषय मी स्वतः मांडणार आहे, आणि त्या दिवशी माझा फोन घरी, देवळीत ठेवलेला असेल.