रिपोर्टातला आकडा आणि कंबरेचा घेर

‘एलडीएल’ नॉर्मल आले म्हणून कचेरीत पेढे वाटणारे मी पाहिलेत! तो आकडा म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलचे वजन. तेवढाच माल दोन ट्रकांतून जाईल, नाहीतर वीस हातगाड्यांतून. धमनीच्या भिंतीत घुसतात त्या गाड्या, म्हणजे कण. साखर, मैदा, पांढरा भात वाढला, पोट सुटले की ट्रायग्लिसराइड चढते, एचडीएल उतरते, कण बारीक होतात. तेवढ्याच मालाला जास्त कण लागतात. प्रत्येक कणावर ‘अपोबी’ प्रथिनाचा एकच रेणू असतो, म्हणून ती तपासणी म्हणजे गाड्यांची मोजदाद. ती परवडत नसेल तर टेप घ्या. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या, स्त्रियांची ८० च्या आत हवी. हातपाय काटकुळे असले तरी मोजा. तेल तोडून भाताचा डोंगर वाढू नका. ज्वारीची भाकरी, मटकी, पालेभाजी घ्या. चहातली साखर? मीही अजून अर्ध्या चमच्यावरच अडलोय.